वाघोलीचा निळा स्फटिक

सोलापुरांत विहीर खणूं लागलें म्हणजे काळी माती व मुरूम संपतांच पहार कातळावर आपटते. हा कातळ अगदीं नीरस अशी सामान्य समजूत आहे. परंतु सुरुंगानें उडालेला एखादा धोंडा उलटून पाहिला तर त्याच्या पोटांत कधीं कधीं खडीसाखरेसारखी पांढरी कणी चमकतांना दिसते. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हें पठार झालें. रस निवतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि मागाहून खडकांत झिरपलेल्या ऊन पाण्यानें त्या पोकळ्यांतून स्फटिक वाढविले. सोलापूर आणि पुणें यांच्या खालचा खडक एकाच घराण्याचा आहे.

या घराण्याचें सर्वांत अप्रूप अपत्य पुणें-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणींत सांपडलें. त्याचें नांव कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या नांवांचे तुकडे जोडून तें बनविलें आहे. अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत तें प्रथम आढळलें आणि १९७३ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. तिकडचे स्फटिक बारीक. वाघोलीस मात्र बोराएवढे टपोरे गोळे निघाले आणि जगांतील संग्रहालयांनीं ते मागून नेले. व्हॅनेडियममुळें आलेला त्यांचा निळा रंग इतका गडद, कीं सोलापुरी चादरीचा निळा पट्टाहि त्यापुढें फिका वाटावा.

पण वाघोलीची खाण कांहीं स्फटिकांसाठीं खणली गेली नाहीं. ती खणली गेली खडीसाठीं. धोंडा यंत्रांत पडला कीं निळें काय आणि पांढरें काय, सर्वांचा एकच चुरा. यंत्रापर्यंत पोंचण्यापूर्वीं ज्या कामगाराची नजर त्यावर पडली आणि ज्यानें छिन्नीनें भोंवतालचा दगड हलकेच सोडविला, त्याच्यामुळेंच तो नमुना जगला. नमुन्याखालच्या चिठ्ठीवर मात्र त्या माणसाचें नांव सहसा नसतें.

आतां ओळखण्याची गोष्ट. केवळ निळ्या रंगावर जाऊं नये. तांब्याचीं कित्येक खनिजें निळीं असतात. कॅव्हनसाइटचे काटेरी स्फटिक एका केंद्रांतून चोहोंकडे पसरून गोळा किंवा फुलोरा बनवितात आणि बहुधा स्टिल्बाइटच्या पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी गादीवर बसलेले असतात. त्याचा एक जुळा भाऊ आहे, पेंटागोनाइट. दोहोंचे घटक तेच, प्रमाण तेंच, फरक रचनेचा. एकाच सुतानें दोन मागांवर दोन तऱ्हेचें कापड विणावें तसा हा प्रकार. पेंटागोनाइटचे स्फटिक भाल्याच्या पात्यासारखे लांबट व सुटे असतात. पांच स्फटिक एकत्र जुळून त्याचा आडवा छेद ताऱ्यासारखा दिसतो, म्हणूनच त्याला हें नांव मिळालें. भिंगाशिवाय हा भेद ओळखूं पाहणें म्हणजे निव्वळ अटकळ.

पांढऱ्या सोबत्यांची पारख त्या मानानें सोपी. लिंबाच्या रसाच्या थेंबानें बुडबुडे आले तर तें कॅल्साइट. कांचेवर सहज ओरखडा उठला तर ती गारगोटी. स्टिल्बाइट बहुधा कणसांच्या पेंढीसारखें मध्यें आंवळलेलें असतें, तर ओकेनाइट कापसाच्या बोंडासारखें. त्यास बोट लावूं नये, केस एकदां चेपले कीं पुन्हां उभे राहात नाहींत.

जेथें किंमत आली तेथें लबाडीहि आली. सुटा निघालेला निळा गोळा दुसऱ्याच दगडावर चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. खऱ्या गोळ्याचें बूड गादींत रुतलेलें असतें आणि शेजारचे पांढरे स्फटिक त्याला घट्ट बिलगलेले असतात. चिकटविलेल्याच्या बुडाशीं डिंकाची कोरडी चकाकी दिसते. पुष्कळ प्रकारचे डिंक अतिनील दिव्याखालीं उजळतात, त्यामुळें ती परीक्षाहि करून पाहावी. तुटलेला नमुना सांधण्यांत दोष नाहीं. सांधल्याचें न सांगण्यांत आहे.

सोलापूरच्या विहिरींतून कॅव्हनसाइट निघेल अशी आशा कोणी धरूं नये. परंतु तेथील पांढरी कणी घरीं आणणाऱ्या मुलानें ती साध्या पाण्यानें धुवावी, सावलींत वाळवावी, कापसाच्या घडीवर ठेवावी आणि त्याच दिवशीं चिठ्ठी लिहावी: गांव, विहीर, किती हात खोल, तारीख. खनिजाचें नांव मागाहून कळलें तरी चालतें. जागा एकदां विसरली कीं ती दगडाला विचारून कळत नाहीं.