देवळाच्या धुण्याचा पंप

(जीर्णोद्धार समितीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या गावच्या एका सेवानिवृत्त कारागिराने केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक ग्रामस्थांच्या आग्रहावरून तो येथे देत आहोत.)



मी काही वक्ता नाही. उभा जन्म पाने-पकडी हाताळण्यात गेला. मघाशी आपल्या एका दात्याने वडिलांच्या स्मरणार्थ देवळाला मोठा धुण्याचा पंप देण्याचे जाहीर केले, टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांत मी मागून "जरा थांबा" असे म्हणालो. शुभकार्यात शिंकल्यासारखे ते झाले, याची मला जाणीव आहे. अध्यक्षमहाराजांनी रागावण्याऐवजी मला पुढे बोलावले, हा त्यांचा मोठेपणा. दात्याच्या भावनेला माझा नमस्कार आहे. माझे म्हणणे फक्त पंपाविषयी आहे.

जीर्णोद्धार झाला, देऊळ पाहून डोळे निवतात. पण आपल्या कोकणचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने पागोळ्या गळतात आणि नवरात्राला येऊन पाहावे तो गडगा काळा, सभामंडपाची बाहेरची भिंत हिरवी, आणि पाखाडीच्या पायऱ्या बुळबुळीत. देवदर्शनाला आलेले म्हातारे माणूस त्या पायरीवरून घसरले तर सगळ्या शोभेला काय अर्थ? तेव्हा दरवर्षी धुणे हवेच. समितीने त्यासाठी हायपोक्लोराइट, म्हणजे आपण ज्याला ब्लीचचे पाणी म्हणतो ते, वापरायचे ठरवले आहे. शेवाळ मारायला ते चांगले आहे. ग्रामपंचायत विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकते, तिचेच हे पातळ भावंड. पावडरीत चुना असतो, तो गाळ होऊन पंपाच्या झडपांत बसतो, म्हणून फवारायला पातळ हायपोक्लोराइट घेणे बरे.

परंतु हे पाणी दिसायला पाण्यासारखे असले तरी स्वभावाने पाणी नव्हे. लोखंड ते खाते, पितळ खाते, ॲल्युमिनियम खाते. आपण ज्याला न गंजणारे म्हणतो त्या स्टेनलेस स्टीललाही त्यातल्या क्षारांमुळे बारीक बारीक खड्डे पडतात. नुसते एवढेच नाही. धातूचा अंश आत गेला की ते पाणीच लवकर नासते, त्यातून वायू सुटतो आणि जोर कमी होतो. म्हणजे पंपही जातो आणि औषधही जाते.

आता दात्याने जो पंप मनात धरला आहे तो मोटारी धुण्याच्या जातीचा. त्याचे डोके बहुधा पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे असते आणि दाब शंभर किलोच्या वर जातो. त्यातून ब्लीच ओढले तर थोड्याच दिवसांत आतले दट्टे आणि झडपा बाद होतील. काही जण त्याच्या पुढे, पंपातून पाणी बाहेर पडल्यानंतर, नळीत एक चोखणी बसवतात. वाहते पाणी तिथे ब्लीच ओढून घेते आणि ते पंपाच्या पोटात जात नाही. युक्ती चांगली आहे. पण आपल्या देवळाला तो जोरच नको. आपला जांभा सच्छिद्र दगड, सांधे चुन्याचे. शंभर किलोचा फवारा सांध्यातला चुना उडवील. शेवाळ मारायचे काम औषध करते, जोर करीत नाही. औषध लागले, दहा मिनिटे ओले राहिले, मग साध्या पाण्याने धुतले की झाले. त्याला चार-पाच किलोचा दाब पुष्कळ.

दुसरा पंप शेतावरचा मोनोब्लॉक. त्याचे पोट बिडाचे. तो पाण्यासाठी ठेवा, ब्लीचला दाखवूसुद्धा नका.

तिसरा, आंब्यावर किंवा भातावर फवारणीचा पाठीवरचा पंप. २०२० साली करोनाच्या दिवसांत गावोगाव याच पंपांनी हायपोक्लोराइट फवारले गेले. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की, हे द्रावण माणसांच्या अंगावर फवारू नका. तेही ध्यानात असू द्या.) या पंपाची टाकी प्लास्टिकची असते, ती टिकते. पण दांडी पुष्कळदा पितळेची, आत स्प्रिंग लोखंडाची, आणि वॉशर साध्या रबराचे. वॉशर गेला की औषध कोठे गळते? पंप पाठीवर आहे, म्हणजे ते माणसाच्या पाठीवर गळते. शिवाय ज्या टाकीत काल कीटकनाशक होते तिच्यात आज ब्लीच, आणि उद्या पुन्हा आंब्यावर, हा तर पोरखेळ झाला. पाठीवरचा पंप घ्यायचाच असेल तर नवा घ्या, प्लास्टिकच्या दांडीचा घ्या, त्यावर तांबड्या रंगाने "देवळाचा" असे लिहा आणि तो दुसऱ्या कशालाही देऊ नका. पायऱ्यांपुरते काम त्याने होईल.

मग मोठ्या भिंतीला काय? माझे मत विचाराल तर बॅटरीवर चालणारा, बारा व्होल्टचा, पडद्याचा पंप. यात एक लवचीक पडदा पुढे-मागे हलतो आणि पाणी ओढतो-ढकलतो. पडद्याच्या एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला यंत्र, दोघांची गाठ पडत नाही. डोके प्लास्टिकचे, पॉलिप्रॉपिलीनचे, मिळते. तो स्वतः पाणी वर ओढतो, त्यात आधी पाणी भरून घ्यावे लागत नाही. ओल्या अंगणात घरच्या विजेची वायर ओढावी लागत नाही, हा फायदा मी सगळ्यांत मोठा मानतो. कारखान्यांत चुंबकावर फिरणारे प्लास्टिकचे पंप असतात, हवेवर चालणारे दोन पडद्यांचे पंप असतात. ते उत्तमच. पण पहिला कोरडा फिरला तर खराब होतो आणि दुसऱ्याला कॉम्प्रेसर लागतो. आपल्याला ते झेपायचे नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी मघाशी "थांबा" म्हणालो.

पंप विकत घेताना आपण त्याचे बाहेरचे रूप पाहतो. किती अश्वशक्ती, किती लिटर, रंग कोणता. ब्लीचचा पंप आतून पाहायचा असतो. जिथे जिथे औषधाचा स्पर्श होतो तो प्रत्येक भाग कशाचा आहे, हे विचारायचे असते. डोके, पडदा, झडप, स्प्रिंग, नळी, नळीची चावी, आणि शेवटी ती करंगळीएवढी रबराची रिंग. एक भाग चुकला तर बाकीचे नऊ बरोबर असून उपयोग नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका रासायनिक कारखान्यात मी देखभाल खात्यात होतो. हायपोच्या पंपाची रिंग गळायला लागली. तिथे व्हायटॉन नावाच्या रबराची रिंग लागते. ती भांडारात शिल्लक नव्हती. पाळी संपत आली होती, वरून घाई होती. मी त्याच मापाची साधी नायट्राइलची रिंग बसवली. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, हातात घेतल्या तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. गळती थांबली. मला शाबासकी मिळाली. दुसरी रिंग मागवायची म्हणता म्हणता राहून गेली.

काही आठवड्यांनी ती रिंग चिरकली. त्या वेळी पंपाशेजारी मी नव्हतो, माझा सोबती होता. चिळकांडी सरळ त्याच्या तोंडावर आली. डोळ्यांवर चश्मा नव्हता, कारण काम पाच मिनिटांचे होते. आम्ही त्याला नळाखाली धरले, पाव तास पाणी मारले, मग इस्पितळात नेले. डोळा राहिला, पण त्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी कधी झाली नाही. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने मला पहिल्या पंक्तीला बसवले. मंडळी, तो रागावला असता तर मला सोपे गेले असते.

म्हणून म्हणतो, रिंग आणि झडपा व्हायटॉनच्या किंवा ईपीडीएम रबराच्या आहेत, असे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तो "सगळे चालते हो" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. फुटकळ सामानाचा एक जादा संच पंपाबरोबरच घ्या. घाईच्या वेळी हाताशी असते तेच माणूस बसवतो. मीही तेच केले होते.

पंप आणला म्हणजे काम संपले नाही. चार नियम सांगतो, ते पंपाच्या खोलीत पाटीवर लिहून लावावे.

पहिला. बाजारात कॅनमधून येणारे हायपो साधारण दहा-बारा टक्क्यांचे असते. एक लिटर दहा टक्क्यांचे औषध आणि नऊ लिटर पाणी मिळून एक टक्क्याचे द्रावण होते. आपल्या भिंतीला एवढे खूप. कॅनमधून तोंडाने नळी ओढून औषध काढायचे नाही. पेट्रोल काढताना जी सवय लागते ती इथे घातक आहे. हाताने दाबायचा प्लास्टिकचा लहान पंप थोडक्यात मिळतो.

दुसरा. काम संपले की औषध काढून टाका, स्वच्छ पाणी भरा आणि पाच-दहा मिनिटे पंप चालवा. नळीतला दाब सोडून द्या. हायपो स्वस्थ बसत नाही, त्यातून हळूहळू वायू सुटत असतो. दोन चाव्यांच्या मध्ये ते कोंडून ठेवले तर नळी किंवा चावी फुटू शकते. कॅनही याच कारणाने फुगतो. उन्हात आणि उष्णतेत ते लवकर नासते, म्हणून पुढच्या वर्षासाठी साठा करू नका. पाऊस उघडला की लागेल तेवढेच आणा.

तिसरा. त्यात दुसरे काही मिसळायचे नाही. फरशी घासायचे ॲसिड तर मुळीच नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तो हाच वायू. आज ॲसिड आणि उद्या ब्लीच एकाच बादलीत, एकाच पंपात, असेही करू नका.

चौथा. फवारणाऱ्याच्या डोळ्यांवर बंद चश्मा, हातांत रबरी मोजे, पायांत गमबूट. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. शेजारी साध्या पाण्याची चालू नळी घेऊन दुसरा माणूस हवाच. एकट्याने हे काम करायचे नाही, मग तो कितीही उत्साही असो.

आणखी एक मर्यादा पाळावी. गाभाऱ्यात, मूर्तीजवळ, घंटा, समया, कळस, प्रभावळ, लाकडी कोरीव खांब यांच्या आसपास हे औषध न्यायचे नाही. जुन्या जांभ्याच्या चौथऱ्यावर आणि दीपमाळेवरही नको. सच्छिद्र दगड औषधातले क्षार पिऊन घेतो आणि ते पुढे दगडाला त्रास देतात. तिथे पाणी, काथ्याचा ब्रश आणि आपले हात. औषध फक्त सिमेंटच्या भिंतींना आणि पायऱ्यांना. तुळशीवृंदावनावर आधी प्लास्टिक झाका, आजूबाजूच्या झाडांच्या मुळाशी भरपूर साधे पाणी घाला, आणि धुण्याचे पाणी तळीकडे वाहू देऊ नका. तळीतले मासे आपल्या देवीचेच आहेत.

शेवटी दात्यांना हात जोडून विनंती. आपल्या वडिलांना मी ओळखत होतो. ते होते तेव्हा दर नवरात्राआधी स्वतः खराटा घेऊन पाखाडी घासत. त्यांच्या नावाने मोठा, चकचकीत पंप उभा राहावा ही इच्छा योग्यच आहे. पण त्यांचे नाव अशा पंपावर असावे, ज्याने दहा वर्षांत कुणाच्या डोळ्याला इजा झाली नाही. लहान प्लास्टिकचा पंप द्या, आणि उरलेल्या पैशांतून चार चश्मे, मोजे, गमबूट आणि जादा रिंगांचा संच द्या. पाटीवर नाव तेवढेच मोठे लिहू. पंप बसवून देणे आणि दोन तरुणांना शिकवणे माझ्याकडे लागले. त्याची मजुरी नको, माझ्यावर एक जुने देणे आहे.

माझ्या बोलण्यात कुणाचा मान दुखावला असेल तर क्षमा करावी. ग्रामदेवतेच्या चरणी नम्र होऊन मी माझे दोन शब्द पुरे करतो.

(भाषण संपताच दात्यांनी व्यासपीठावर येऊन वक्त्यांची सूचना मान्य केली. पंपाबरोबरचा चश्मा-मोज्यांचा संच देवळाच्या भांडारात ठेवला असून त्याची किल्ली पुजाऱ्यांकडे आहे. — संपादक मंडळ)