गुडघ्यातून जाणारी रेषा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना कोणी कोणी कठडा धरला, ते मी पाहत होतो. हाडांच्या डॉक्टरची सवय! दिंडोशीच्या चढावर दप्तर घेऊन शर्यत लावणारे ते आपणच. म्हणून आज आठवणींऐवजी गुडघ्यावर बोलतो.

मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि पुढची वाटी मिळून गुडघा होतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून झिजली की ती भरून येत नाही. मज्जातंतूही नाहीत, म्हणून सुरुवातीला दुखत नाही. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून, हालचालीमुळे होतं. तेव्हा दुखतंय म्हणून चालणंच सोडू नका.

खुब्यापासून घोट्यापर्यंत रेषा ओढली, तर ती गुडघ्याच्या जवळपास मधून जायला हवी. पाय धनुष्यासारखा वाकला की ती आत सरकते आणि आतल्या बाजूवर जास्त भार येतो. तिथली झीज वाढते, पाय आणखी वाकतो. आपल्याकडे हाच प्रकार अधिक दिसतो.

२००० साली पंतप्रधान वाजपेयी यांच्या डाव्या आणि २००१ मध्ये उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आपल्या मुंबईत, ब्रीच कँडीत, डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. तेव्हा माझी आई म्हणाली, "ते पंतप्रधान. माझं काय अडलंय?" तिनं आठ वर्षं काढली आणि मी, मुलगा असूनही, तिला पटवू शकलो नाही. शस्त्रक्रियेनंतर तिचं दुखणं गेलं; पण आखडलेला गुडघा पुरता वाकला नाही. आधी गुडघा जेवढा वाकतो, त्यावरच नंतर तो किती वाकेल हे बरंचसं ठरतं. ही चुटपुट मला आजही आहे.

याचा अर्थ, दुखलं की लगेच शस्त्रक्रिया, असा नाही. एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहा आकडे मोजा. मांडीचा स्नायू बळकट होईल. फक्त आतली बाजू झिजली असेल, तर काहींना अर्धा सांधा बदलून किंवा हाडाची रेषा सुधारूनही भागतं. खर्चाची धास्ती असेल, तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, हे लक्षात ठेवा.

पण पाय वाकू लागला, रात्रीची झोप मोडू लागली, तर उभ्यानं एक्स-रे काढून घ्या. आडवं झोपून काढलेल्या फोटोत भार पडत नाही, म्हणून झीज नीट कळत नाही.

भूमितीच्या तासाला बाई म्हणायच्या, "रेघ वाकडी गेली, की लगेच खोडा." बाई, आईच्या बाबतीत मी उशीर केला. तुम्ही कोणी करू नका. पुढच्या मेळाव्याला सगळे कठडा न धरता वर या.