सोंगाड्याची जमीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



जाहीर सभेची आखणी करताना कार्यकर्ते एक गोष्ट न विचारता गृहीत धरतात. सभा सातला असेल तर कलापथक साडेसहाला. दोन-चार गाणी, एक बतावणी, थोडा हशा. तेवढ्यात माणसे जमतात, सतरंज्या भरतात, ढोलकीवाला बाजूला सरकतो आणि वक्ते बोलावयास उभे राहतात. विनोद म्हणजे कडू औषधावरचा साखरेचा लेप, ही समजूत या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. औषध भाषणात, साखर बतावणीत. ज्यांचे पोट विनोदावर चालते आणि ज्यांनी त्याचा आयुष्यभर विचार केला, त्या कलावंतांना ही समजूत मान्य आहे काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हास्याची मीमांसा तत्त्वज्ञांनी पुष्कळ केली आहे. तिच्यात येथे शिरावयाचे नाही. कलावंताचे म्हणणे वेगळे असते, कारण त्याला उत्तर ताबडतोब मिळते. हशा आला नाही तर त्याचा सिद्धांत त्याच रात्री, सर्वांसमक्ष चुकीचा ठरतो. अर्थशास्त्रज्ञांवर अशी वेळ येत नाही, हे त्यांचे भाग्य. यासाठी प्रामुख्याने इटलीतील एका जोडप्याचा विचार करणे उपयुक्त ठरेल: दारिओ फो (१९२६–२०१६) आणि फ्रांका रामे (१९२९–२०१३). फो हे रेल्वेतील एका समाजवादी स्टेशनमास्तरांचे चिरंजीव. रामे यांचे घराणे गावोगाव फिरून नाटके करणाऱ्यांचे. संहितेवर न विसंबता उभ्या उभ्या प्रवेश रचण्याची विद्या त्यांना घरातच मिळाली. दोघेही डावे. त्यांचे अनुभव आपल्याला महत्त्वाचे वाटावेत ते अशासाठी की, उजव्यांनी त्यांना छळले आणि डाव्यांनाही ते झेपले नाहीत.

विनोद कोठून येतो, याचे फो यांनी दिलेले उत्तर एका कथेच्या रूपात आहे. १९६९ पासून ते ‘मिस्तेरो बुफ्फो’ नावाचा एकपात्री प्रयोग करीत. त्यात मध्ययुगातील सोंगाड्याचा जन्म कसा झाला, हे सांगणारा एक प्रवेश आहे. एका कुळवाड्याला कोणाच्याही मालकीचा नसलेला उजाड डोंगर सापडतो. तो व त्याची बायको राबून त्या खडकावर शेत पिकवतात. पीक डोलू लागल्यावर जमीनदाराला त्या डोंगराची आठवण होते. प्रथम धर्मगुरू येतो, मग कागदपत्रे घेऊन नोटरी येतो. शेतकरी दोघांनाही हुसकावून लावतो. शेवटी जमीनदार स्वतः शिपाई घेऊन येतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बायकोवर बलात्कार करतो. बायको निघून जाते, मुले मरतात, जमीन जाते. शेतकरी गळफास घेणार इतक्यात दारात काही वाटसरू पाणी मागतात. त्यांतला एक येशू असतो. तो त्याला जमीन परत देत नाही. त्याच्या ओठांचे चुंबन घेऊन तो त्याला सुरीसारखी धारदार जीभ देतो आणि जे घडले ते चव्हाट्यावर जाऊन सांग, लोकांना हसव, असे बजावतो.

या कथेत फो यांची संपूर्ण भूमिका आली आहे. सोंगाड्या म्हणजे मुळात बेदखल झालेला शेतकरी. विनोद हा भरल्या पोटाचा उद्योग नव्हे. जे हिरावले गेले, ते परत मागण्याची ती एक रीत आहे. म्हणूनच कोटीला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. आधी प्रसंग हवा, प्रसंगाच्या तळाशी एखादी गरज हवी, आणि त्या गरजांत सर्वात जुनी भूक. इटलीच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकात ‘झान्नी’ नावाचे नोकराचे पात्र असते. फो यांच्या प्रतिपादनाप्रमाणे हा झान्नी म्हणजे बेर्गामोच्या डोंगरातून उपासमारीने व्हेनिसला आलेला, हमाली करणारा शेतकरी. व्यापारी भांडवलाच्या उदयाबरोबर बाहेरचे स्वस्त धान्य बाजारात आले आणि डोंगरातली शेती बुडाली. इतिहासकार या मांडणीतील तपशिलांवर वाद घालू शकतील. परंतु एक नट आपल्या मुखवट्याचा उगम धान्याच्या भावात शोधतो, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकास सुखावणारे आहे. फो हा झान्नी रंगवीत तेव्हा भुकेने वेडापिसा झालेला तो मनुष्य स्वप्नात मेजवानी झोडतो, मग स्वतःलाच खाऊ लागतो, आणि जाग आल्यावर अंगावर बसलेली एक माशी पकडून ती अत्यंत चवीने खातो. प्रेक्षागृह हसून लोळत असे. त्या हसण्यात दया नव्हती, ओळख होती.

मराठी मनाला हे परके वाटण्याचे कारण नाही. तमाशातील गौळणीत मथुरेच्या वाटेवर श्रीकृष्ण असतो खरा, पण खेळ रंगवतात ते पेंद्या आणि मावशी. देवालाही गावच्या वेशीवर उभे राहून हुज्जत घालावी लागते. फो यांच्या प्रयोगातही लाझारसला येशू जिवंत करतो तो चमत्कार गर्दीच्या नजरेतून दिसतो: कोणी खुर्च्या भाड्याने देतो आहे, कोणी मासळी विकतो आहे, आणि चमत्कार घडताच कोणाचा तरी खिसा कापला जातो. दोन्ही ठिकाणी पाहण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे खालची.

आणि आपल्या चळवळीच्या कलापथकात कोण होते हे आठवावे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेले निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. राम नगरकर हे केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातले. तेच जगणे त्यांनी ‘रामनगरी’त हसत हसत मांडले. दादा कोंडके गिरणी कामगाराच्या घरातले, नायगावच्या चाळीत वाढलेले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या वगनाट्यात दादा रोजच्या बातमीवर रोज नवे बोलत. ही केवळ हजरजबाबी नव्हे. गिरणीच्या वेळापत्रकाने बांधलेल्या प्रेक्षकाला, कोणीतरी आजच्याच दिवसाबद्दल बोलतो आहे, याचा तो आनंद होता. दादांच्या पुढच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांबद्दल नाके मुरडणाऱ्यांनी हा प्रारंभ विसरू नये. मात्र त्या चित्रपटांत खालून वर पाहणारी नजर हळूहळू बाईकडे वळली, आणि हसण्याचा रोख मालकावरून तिच्यावर आला, हेही लपवण्याचे कारण नाही.

येथे बाजाराचा प्रश्न येतो. १९५० नंतरच्या दशकात व पुढेही फो आणि रामे मोठमोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत यशस्वी झाले होते. १९६२ साली इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘कान्झोनिस्सिमा’ हा अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम त्यांच्याकडे आला. बांधकामावरील मजुरांच्या सुरक्षिततेसंबंधीच्या प्रवेशात काटछाट सांगण्यात आली. दोघे कार्यक्रम सोडून बाहेर पडले आणि दूरचित्रवाणीचे दार त्यांना १९७७ पर्यंत जवळजवळ बंद राहिले. नाट्यगृहात मात्र गर्दी होतीच. तरीही १९६८ मध्ये त्यांनी ती नाट्यगृहे सोडली. कारण त्यांनीच सांगितले: आपण भांडवलदारांचे विदूषक झालो आहोत. उंची पोशाखातला प्रेक्षक स्वतःवरची टीका खुशीने ऐकत होता, टाळ्या वाजवीत होता. तिकिटाच्या पैशात त्याला नाटकही मिळत होते आणि आपण उदारमतवादी असल्याचा दाखलाही. टीका ही विक्रीची वस्तू झाली की ती ज्याच्यावर असते तोच तिचा उत्तम ग्राहक होतो. फो यांचे निरीक्षण असे की, तोच विनोद कामगारांपुढे सादर होऊ लागताच या ग्राहकाची उदारता संपते.

मग ते कामगारांकडे गेले. इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सांस्कृतिक संघटनेमार्फत ठिकठिकाणच्या श्रमिक भवनांत त्यांचे प्रयोग होऊ लागले. १९६९ साली त्यांनी एक नाटक केले. कामगाराला तीनशे शब्द येतात, मालकाला हजार, म्हणून तो मालक आहे, असे त्याचे लांबलचक नाव. प्रसंग साधा: एका श्रमिक भवनातील वाचनालय मोडून तेथे बिलियर्डचे टेबल मांडायचे ठरले आहे. पुस्तके उचलता उचलता कामगार ती चाळू लागतात आणि पक्षाने जे विसरावयास लावले ते एकेक पान करून समोर उभे राहते.

हसू आले, पण ते चुकीच्या जागी आले. पक्षाच्या मुखपत्राने नाराजी छापली, प्रयोगांच्या तारखा मिळणे अवघड होऊ लागले, आणि १९७० मध्ये फो-रामे त्या व्यवस्थेतून बाहेर पडले. दूरचित्रवाणीच्या अधिकाऱ्यांनी केले ते पक्षाने केले, एवढेच म्हणावे लागेल. फक्त पक्षाने ते अधिक दुःखी चेहऱ्याने केले.

मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्र्यांवरील एका विडंबनगीतावरून मुंबईत खार येथील विनोदी कार्यक्रमांच्या सभागृहाची मोडतोड झाली. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला एका तरुण विनोदकाराला अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ तो तुरुंगात राहिला. या दोन्ही घटनांचा निषेध आपल्या कार्यकर्त्यांनी केला असेल. त्यास विशेष धैर्य लागत नाही. पु. ल. देशपांडे यांनी सेवा दलाच्या कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, ते चळवळीतील मंडळींनीच गावोगाव नेले. आज ते कोणी नव्याने, नव्या नावांनिशी लिहिले तर ते प्रथम कोणत्या कार्यालयात अडेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्यापुरता करावा.

हसल्याने राग निवतो की टिकतो? हा प्रश्न फो यांना फार छळत असे. डिसेंबर १९६९ मध्ये मिलान येथील एका बँकेत बॉम्बस्फोट होऊन सतरा माणसे मेली. संशयित म्हणून पकडलेला पिनेल्ली हा अराज्यवादी रेल्वे कामगार तीनच दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरील खिडकीतून खाली पडून मेला. स्फोटाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. वर्षभरातच फो यांनी ‘एका अराज्यवाद्याचा अपघाती मृत्यू’ हे प्रहसन रंगभूमीवर आणले. एक वेडा मनुष्य पोलीस ठाण्यात न्यायाधीशाचे सोंग घेतो आणि पोलिसांच्या जबान्या पोलिसांनाच वाचून दाखवतो. विनोद फारसा रचावा लागला नाही. अधिकाऱ्यांनी वेळोवेळी बदललेली विधाने एकापुढे एक ठेवली की पुरे. (अंदाजपत्रकावरील भाषणे ओळीने वाचणाऱ्यास ही पद्धत अपरिचित नाही.) पुढे १९७५ साली न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष आला: खून नव्हे, आत्महत्याही नव्हे, भोवळ येऊन तोल गेला. नाटकातला वेडा याहून वेगळे काय सांगणार होता?

पण फो यांना भीती होती ती हशाचीच. लोकशाहीत एखादे प्रकरण बाहेर येते, सगळे चिडतात, बोलतात, हसतात, आणि ढेकर दिल्यासारखे हलके होऊन झोपी जातात. राग पोटातच राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी योजलेला उपाय अगदी साधा होता. नाटक संपले की प्रेक्षकांना घरी जाऊ द्यायचे नाही; दिवे लावून चर्चा करायची. याला ते तिसरा अंक म्हणत. त्या चर्चेत कोणी कामगार उठून एखादा प्रसंग खोटा आहे असे म्हणाला, तर संहिता बदलली जाई. साखर आधी आणि औषध नंतर, असा हा क्रम नव्हता. बोलण्याचा हक्क व्यासपीठावरून सतरंजीवर येत असे.

१९७४ चे त्यांचे दुसरे प्रहसन महागाईवर आहे. वाढीव किंमत देण्यास नकार देऊन बाया दुकानातला माल उचलून नेतात आणि तो लपवण्यासाठी पोटाशी बांधतात. साऱ्या वस्तीत एकाएकी गरोदर बायांचा सुकाळ होतो. त्याच सुमारास, १९७२ पासून, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवीत रस्त्यावर उतरल्या होत्या. मिलानच्या नटांना लाटणे मोर्चा ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही रित्या डब्याची चेष्टा करीत सत्तेच्या दारात जाण्याची युक्ती दोन्हीकडच्या बायांना सुचली, आणि ती पुस्तकातून आलेली नव्हती.

हास्य सर्वत्र पुरे पडते असे या कलावंतांनी कधी म्हटले नाही. मार्च १९७३ मध्ये फ्रांका रामे यांना फॅसिस्टांनी मिलानच्या रस्त्यावरून पळवून नेले, त्यांचा छळ केला, त्यांच्यावर बलात्कार केला. काही वर्षांनी त्या अनुभवाचे एकपात्री निवेदन त्यांनी स्वतः रंगमंचावर आणले. बायकांच्या संसारावर त्यांनी प्रेक्षकांना पोट धरून हसवले होते. या निवेदनात मात्र हशाला कोठेही जागा ठेवली नाही. चार्ली चॅप्लिन यांनी ‘द ग्रेट डिक्टेटर’ १९४० साली काढला. छळछावण्यांतील भयानकता तेव्हा ठाऊक असती तर हा चित्रपट आपण करू शकलो नसतो, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. याच चित्रपटाच्या अखेरीस त्यांनी सोंग उतरवून सरळ भाषण केले, आणि त्यासाठी पुष्कळ बोल खाल्ले. आयुष्यभर न बोलता हसवणाऱ्या मनुष्याला भाषणाचा आधार घ्यावासा वाटला, याचा आनंद वक्त्यांनी मानू नये. तो भाषणाचा विजय नव्हता; काळच तसा होता.

रात्री जेवणानंतर याच मांडवात कलापथकाचा कार्यक्रम आहे. या वेळी तो भाषणाच्या आधी नसून भाषण संपल्यानंतर आहे. संयोजकांनी पुढच्या दोन रांगांतील खुर्च्या काढून तेथेही सतरंज्या घातल्या आहेत. बतावणीची संहिता आधी वाचावयास मागण्याचा जिल्हा कार्यालयाचा प्रघात यंदा पाळला गेलेला नाही, असे समजते.