वहीतले बाहेर येऊ द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. साहित्यावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्यापैकी पाच-सहा जणींच्या घरी कवितेच्या वह्या आहेत, हे मला पक्के ठाऊक आहे. एकीची तर पिठाच्या डब्यामागे असते! उल्हास नदीवरचे पहाटेचे धुके, मलंगगडावर उतरलेले ढग, बदलापूरची जांभळे, असे त्यांत असते. कोणी रांगोळीत बगळे काढते, कोणी अभ्र्यावर पळसाचे फूल भरते. अभ्रा निदान पाहुण्यांना दिसतो. वही घरातल्यांनाही दिसत नाही. का, तर म्हणे लोक हसतील.

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. १८८० साली जळगावजवळ असोद्याला त्यांचा जन्म झाला. पेरणी, मोट, सुगरणीचा खोपा, जे डोळ्यांसमोर येई त्याचे त्या गाणे करीत आणि घरात, शेतात काम करता करता मोठ्याने म्हणत. मोठ्याने म्हणत, हे ध्यानात घ्या. म्हणूनच ते घरच्यांच्या कानी पडले आणि चिरंजीव सोपानदेव वगैरेंनी त्यातले काही उतरवून ठेवले. १९५१ साली बाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. ती छापलीच पाहिजेत असा अत्र्यांनी आग्रह धरला, प्रस्तावनाही लिहिली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. खानदेशची बोली कोणी 'शुद्ध' केली नाही, हे फार बरे झाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तरी मला एक गोष्ट टोचते. ते पुस्तक त्यांनी स्वतः हातात घेतलेच नाही. आणि जी गाणी कोणी उतरवली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

माझ्या सासूबाईंचेही तसेच. जाते माळ्यावर गेले, गिरणीचे पीठ आले, आणि पावसाच्या ओव्या म्हणायला त्यांना निमित्तच उरले नाही. त्यांतल्या आज घरात कुणाला चार ओळीही सलग येत नाहीत.

चित्रांचे पाहा. डहाणू-तलासरीचा मुलूख २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात. झाडे, पाखरे, नाचणारी माणसे, सारे त्यात येते. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे परदेशापर्यंत पोचले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो मान योग्यच होता. पण त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का? म्हणून म्हणते, आपल्या कवितेखाली, चित्राखाली नाव आणि तारीख घालावी. नुसते 'सौ. अमुक' नको, स्वतःचे नाव.

तर माझी सूचना अशी. दर महिन्याच्या सभेत शेवटची अर्धी घटका यासाठी ठेवावी. एकीने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मध्येच ऱ्हस्व-दीर्घ काढू नये. नुसते "छान, छान" म्हणून चहाकडेही वळू नये. कुठली ओळ कळली नाही, कुठे आपले अंगण आठवले, ते सांगावे. लिहिणारीला त्याचा उपयोग होतो. उल्हासनगरच्या आपल्या सिंधी मैत्रिणींनाही बोलवावे. त्यांच्या घरच्या आज्यांना लग्नातले लाडे येतात. त्या म्हणतील, नाती अर्थ सांगतील. सिंधू नदी मागे ठेवून इकडे आलेल्या घरांतल्या बायका आपल्या उल्हास नदीबद्दल काय म्हणतात, ते मला ऐकायचे आहे.

ज्यांना वाचायची लाज वाटते त्यांच्यासाठी हस्तलिखित काढू. मी दोनशे पानी वही आणली आहे, ती चिटणीसबाईंकडे राहील. चित्र काढणारीने डावे पान घ्यावे, लिहिणारीने उजवे. पहिले पान कोणाचे, ते आता चहाच्या वेळी ठरवू. पिठाच्या डब्यावाल्या बाईंनी मात्र चहा न घेता निघून जाऊ नये.