बरगडीची गाठ : चोळू नका, तपासून घ्या
(सोसायटीच्या आरोग्य व्याख्यानातील भाषण)



इमारतीतला डॉक्टर म्हटलं की लिफ्टमध्येही प्रश्न येतात. त्यातला एक आज घेतो : “डॉक्टर, बरगडीवर गाठ लागतेय. कॅन्सर तर नाही ना?”

बरगड्यांच्या बारा जोड्या. त्यातल्या बहुतेक पुढच्या बाजूला कूर्चेने छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात. त्या सांध्याला सूज येऊन दुखणं ही नेहमीची गोष्ट. ती काही गाठ नव्हे. हाडाच्या काही गाठी साध्या असतात, त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. आपल्याकडे बरगडीला क्षयरोगही होतो आणि तो हुबेहूब गाठीसारखा दिसतो.

कर्करोग निघालाच, तर बहुतेक वेळा तो स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा दुसऱ्या अवयवातून आलेला असतो. बरगडीतच सुरू होणारा कमी. मोठ्या माणसांत तो बहुधा कूर्चेचा, म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमा. मुलांत आणि तरुणांत इविंग सार्कोमा.

आता महत्त्वाचं. हाताला या सगळ्या गाठी सारख्याच लागतात, पण उपचार अगदी वेगवेगळे. क्षयरोगाला गोळ्यांचा पूर्ण कोर्स. इविंगला आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. कॉन्ड्रोसार्कोमावर केमोचा फारसा उपयोग होत नाही. तिथे आजूबाजूच्या निरोगी भागासकट बरगडी काढावी लागते आणि मोठी पोकळी राहिली तर जाळी बसवून छातीची भिंत उभी करतात. दुसरीकडून आलेल्या कर्करोगाला मूळ रोगाची औषधं, दुखण्यासाठी रेडिएशन.

म्हणून एक्स-रे आणि सीटी स्कॅननंतर डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली, तर टाळू नका. “सुई लावली की गाठ पसरते” ही भीती घराघरांत आहे. नीट केलेल्या बायोप्सीत हा धोका फार कमी असतो; उशीर करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. मात्र ती शक्यतो जिथे पुढे ऑपरेशन होणार तिथेच करून घ्या, म्हणजे सुईची वाट सर्जनला ठाऊक राहते आणि गरज पडल्यास तोही भाग काढता येतो. तपासणीआधी कुणाकडूनही गाठ कापून घेऊ नका.

वाढणारी गाठ, रात्री झोपमोड करणारं दुखणं, विनाकारण घटणारं वजन : यातलं काही असेल तर मलम चोळत, शेक देत महिने घालवू नका. आणि हो, मला लिफ्टमध्ये जरूर विचारा. फक्त लवकर विचारा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.