वणव्याचा वेग आणि माणसाचे पाय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. शास्त्र शिकवायचे ते आपल्या अंगणातले शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता असे आपण सारे ऐकत आलो आहोत. म्हणूनच आज वणवा हा विषय घेतला आहे. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळ विद्यार्थी खानापूर तालुक्यातील रानालगतच्या गावांतून येतात. फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटला की हिरव्या डहाळ्या तोडून तो झोडपायला धावणाऱ्यांत तरुण मुले असतात. त्यांच्या जिवाशी या विषयाचा थेट संबंध आहे.

आरंभ मात्र दूरच्या एका घटनेने करावा लागतो. अमेरिकेतील माँटाना राज्यात, मिसुरी नदीच्या काठी, मान गल्च नावाची एक अरुंद घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तेथील वणवा विझवण्यासाठी १५ जवान विमानातून छत्रीने उतरले. तेथे आधीच असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग घळीच्या दक्षिण अंगाला होती. आपण उत्तर अंगाने नदीकडे उतरावे, पाठीशी पाणी ठेवून आगीशी झुंजावे, असा त्यांचा बेत होता. पण वाऱ्याने उडालेल्या निखाऱ्यांनी घळीचे तोंडच पेटले. नदीची वाट बंद झाली आणि आग त्यांच्याच अंगाने, वाळक्या गवतातून, चढ चढू लागली. ती माणसे वळून वर धावली. नायक वॅग्नर डॉज याने पुढचे गवत स्वतः पेटवले आणि जळून गेलेल्या त्या काळ्या तुकड्यावर पालथा पडून राहिला. इतरांना त्याने बोलावले, पण कोणी थांबले नाही. सोळांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले. डॉज वाचला, कडा गाठू शकलेले आणखी दोघे वाचले.

धडधाकट, शिकवलेली माणसे गवताच्या आगीपुढे का हरली? ज्वाला नेहमी वर जाते. सपाटीवर ती आकाशाकडे उभी राहते, पुढच्या गवताला तिची आच बेताचीच लागते. चढावर पुढचे गवत ज्वालेच्या तोंडाशीच येते. आग पोहोचण्यापूर्वीच ते तापते, वाळते, पेटायला सिद्ध होते. ऑस्ट्रेलियातील वनशास्त्रज्ञ मॅकार्थर यांनी यासाठी एक ठोकताळा दिला: चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांना चौपट, तीस अंशांना आठपट. माणसाचे याच्या नेमके उलट असते. जो चढ आगीला पंख देतो, तोच आपले पाय मोडतो.

दुसरी गोष्ट इंधनाची. आपण मोठ्या वृक्षांकडे पाहतो, परंतु वणवा धावतो तो गवतावर, पाचोळ्यावर, काटक्यांवर. चूल पेटवणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. ओंडक्याला काडी लावून कोणी चूल पेटवीत नाही. वाळलेले गवत हवेतील ओलावा तासाभरात घेते आणि तासाभरात सोडते. पहाटे दवाने दमट असलेला माळ दुपारी दोनला बारूद झालेला असतो. त्यात घाणेरीसारखी झुडपे माजली की जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायची शिडीच मिळते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ती सर्वांत फसवी. वारा ज्वालेला प्राणवायू पुरवतो आणि पुढे वाकवतो, हे खरे; पण त्याहून घातक म्हणजे तो निखारे उचलून नेतो. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर गेले आणि व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत १७३ माणसे गेली. निलगिरीच्या जळत्या साली सुमारे तीस किलोमीटर पुढे जाऊन पडल्या. मग रस्ता, ओढा, जाळरेषा यांना अर्थ तो काय राहिला? कॅलिफोर्नियातील पॅरडाइझ हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी असेच जळाले. त्या वणव्यात ८५ बळी गेले आणि अठरा हजारांवर बांधकामे नष्ट झाली.

पाणी ओता म्हणजे झाले, असे शहरी माणसाला वाटते. हिशेब करून पाहा. किलोभर वाळक्या लाकडातून सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता निघते आणि लिटरभर पाण्याची वाफ व्हायला सहाशेच्या घरात लागते. एका हेक्टरात पाच टन पाचोळा धरला, तर त्याची सारी उष्णता शोषायला सुमारे तेहतीस हजार लिटर पाणी हवे. प्रत्यक्षात सगळी उष्णता शोषावी लागत नाही, कड थंड केली तरी भागते. पण डोंगरावर कडेपुरते पाणी तरी कोठून आणायचे? गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. मोठे हेलिकॉप्टर एका खेपेत साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी नेते. दाट झाडीत त्यातले बरेचसे पानांवरच अडते.

म्हणून जंगलात पाण्यापेक्षा इंधन तोडणे हाच मुख्य उपाय. आगीपुढे पट्टा झाडून, खरवडून मोकळा करायचा. मात्र वेळ निघून जाते. आग एकाच गतीने पसरली तरी दुप्पट वेळात तिची कड दुप्पट आणि क्षेत्र चौपट होते. पहिल्या अर्ध्या तासात चार माणसे जे करतील, ते चार तासांनी शंभरांना जमेलच असे नाही. ज्वाला सुमारे चार फुटांवर गेली की हातातल्या अवजारांनी समोरून भिडता येत नाही, असे वनखात्यांचे अनुभवसिद्ध मान आहे. उपग्रह आता आगीची खबर देतो, हे मोठेच साहाय्य. पण तो वरून जाईल तेव्हा पाहतो, आणि पायवाट मात्र माणसालाच तुडवावी लागते.

डोंगर जाळला की गवत चांगले येते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. कोवळे कोंब लवकर दिसतात, हे खोटे नाही. पण वैशाखापर्यंत उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या वळवाबरोबर ओढ्यात जाते, तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

आता मुलांसाठी थोडे. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी गवताळ उतारावर वीसहून अधिक गिर्यारोहक वणव्यात सापडून गेले. उतारावर खालून आग येत असेल तर सरळ वर धावू नका. बाजूला, आगीच्या कुशीकडे निघा, आणि वाट असेल तर जळून विझलेल्या काळ्या जागेत शिरा. घळीत उतरू नका. झोडपायचेच असेल तर कडेच्या मागल्या बाजूने, जळलेल्या अंगाला पाय ठेवून, मोठ्या माणसांसह. दुपारच्या वाऱ्यात एकट्याने तर मुळीच नाही. वारा पडल्यावर, रात्री किंवा पहाटे, तीच आग अर्ध्या कष्टात आटोपते. गावातील जुनी माणसे तिन्हीसांजेची वाट पाहत बसत, ते आळसाने नव्हे.