डागडुजीचा हिशेब कोण ठेवणार?

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



घराचा प्रश्न निघाला की आपल्या चळवळीत पहिला शब्द येतो तो घरकुलाचा. किती मंजूर झाली, कोणाचे नाव यादीतून गळले, कोणाचा हप्ता अडला, यावर मोर्चे निघतात, निघालेच पाहिजेत. परंतु जे घर आज उभे आहे ते उद्याही उभे राहावे यासाठी दरवर्षी काय लागते आणि ते कोण पुरवते, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच येतो. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

या भागातील जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, लाकडाचे खांब, बांबूचे छत आणि वर कवेलू. भंडाऱ्याच्या उन्हाळ्याला हे घर अनुरूप आहे. मातीची भिंत ऊन सावकाश घेते. पत्र्याखाली वैशाखात भट्टी पेटते. पण हे घर राहणाऱ्यांकडून दरवर्षी श्रमाचा कर वसूल करते. वादळाने कवेलू सरकतात, वानरांच्या उड्यांनी फुटतात. मृग लागण्यापूर्वी ते फेरावे लागतात. एक कवेलू जागचे हलले की पाणी बांबूवर, बांबूवरून भिंतीच्या माथ्यावर उतरते. ज्या वर्षी फेरणी चुकते त्या वर्षी नुकसान दिसत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंतीसह खाली येते.

ओल आली की मागोमाग वाळवी येते. विदर्भात तिला उधई म्हणतात. ती बहुधा जमिनीतून चढते आणि ओलाव्यावाचून जगू शकत नाही. म्हणूनच भिंतीवर मातीच्या बोगद्यांसारख्या वाटा बांधीत ती लाकडापर्यंत पोहोचते. तेव्हा तिचा बंदोबस्त औषधाच्या बाटलीपासून नव्हे, पाण्यापासून सुरू होतो. वळचणीचे पाणी पायाशी मुरू न देणे, सरपण भिंतीला टेकून न रचणे, मातीच्या वाटा दिसताच मोडणे, ही कामे बिनखर्चाची आहेत. मात्र ती सतत करावी लागतात. शेतातील फवारणीचे उरलेले औषध घरात शिंपडणे हा मार्ग घातक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने उघड्या शेतात माणसे दगावली. मग जेथे लेकरे निजतात त्या बंद खोलीत ते विष काय करील?

बांबूची गोष्ट वेगळी. त्यातील पिष्ठासाठी भुंगेरे त्याला आतून पोखरतात. पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू अधिक टिकतो, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. तलावांच्या या जिल्ह्यात पाण्याची वाण नव्हती. प्रश्न बांबूचा आहे. जंगल दाराशी, पण छताला बांबू हवा तर परवानगी कोणाची? २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने बांबूवरील आपला हक्क प्रत्यक्षात आणून दाखविला. सामूहिक वनहक्काची मागणी ही छताच्या डागडुजीचीही मागणी आहे, हे आपण गावागावांत सांगितले पाहिजे.

भिंतीच्या बुडाशी उंदरांनी बिळे केली, तर ती केवळ धानाची नासाडी नव्हे. अशा बिळांत साप आसरा घेतात. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर निजलेल्यास चावतो. दंशाची वेदना पुष्कळदा इतकी अल्प असते की उपचाराला उशीर होतो. बीळ बुजविणे हा जीव वाचविण्याचा उपाय आहे.

ही कामे करतो कोण? छतावर पुरुष चढतो. पण लिपणे, सारवणे, बिळे बुजविणे, धान उन्हात घालणे हे बहुतांशी स्त्रियांच्या माथी आहे. अर्थशास्त्राने या श्रमाचे काय केले ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीत स्वतः राहण्यासाठी घर बांधणे हे उत्पादन ठरते. त्याच घराची राहणाऱ्याने केलेली किरकोळ दुरुस्ती उत्पादनात धरली जात नाही. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च होतो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना उघडत नाही.

शासनाला दुरुस्तीचे तत्त्व अपरिचित आहे असे नाही. १९६९ मध्ये कायदा करून मुंबई शहरातील जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन झाले व उपकर बसला. त्या मंडळाविरुद्ध तक्रारी कितीही असोत, जुने घर टिकविणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे एवढे तेथे मान्य झाले. खेड्याच्या वाट्याला काय आले? इंदिरा आवास योजनेत १९९९ पासून निधीचा काही भाग कच्ची घरे सुधारण्यासाठी होता. २०१६ मध्ये तिची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेचे अनुदान नव्या बांधकामासाठी आहे. शिवाय २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या व्याख्येत हाताने घडविलेले कवेलू कच्चे आणि यंत्रावरचे पक्के! घर मोडकळीस येईपर्यंत मदत नाही आणि मोडले की लाखाची गोष्ट, हा हिशेब गरिबाच्याही तोट्याचा आणि तिजोरीच्याही.

जबाबदारीला धनी उरला नाही की काय होते, याचा धडा याच जिल्ह्यात आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते न्यायाचेच झाले. पण तलावांची वर्षावर्षाची निगा कोणी राखावयाची, याची घडी नीट बसली नाही आणि कित्येक तलाव गाळाने भरले. मालकी बदलणे हे अर्धे काम. निगराणीची व्यवस्था लावणे हे उरलेले अर्धे.

म्हणून ग्रामसभेपुढे तीन मागण्या ठेवाव्यात. घरकुलाच्या यादीशेजारी दुरुस्तीची यादी व्हावी आणि तिच्यासाठी पंचायतीने लहानसा वार्षिक निधी राखावा. सामूहिक वनहक्कातून घरदुरुस्तीचा बांबू आधी गावाला मिळावा. आणि वृद्ध, एकट्या व विधवा स्त्रियांच्या घरांची फेरणी मृगापूर्वी गावाने श्रमदानाने करावी. तिसऱ्या मागणीसाठी कोणत्याही मंत्र्याची सही लागत नाही. ती येत्या चैत्रातच सुरू करता येईल.